वंशावळ कोणासाठी लिहिली?

चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. गणपतीच्या जयघोषात आपण ज्या मोरयाचे नाव घेतो तो मोरया हाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणजे दरवर्षी भाद्रपदात लक्षावधी लोक ज्यांचे नाव घेतात, असे हे गृहस्थ. त्यांचा काळ कोणता, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

परंपरेने जन्म इ.स. १३७५ चा आणि संजीवन समाधी इ.स. १५६१ ची सांगितली जाते. वजाबाकी केली की आयुष्य १८६ वर्षांचे होते. श्रद्धेला यात अडचण नाही. योग्याचे आयुष्य म्हणून ती ते स्वीकारते. दुसरीकडे, कॅप्टन एडवर्ड मूर नावाचा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी १८०० साली चिंचवडला आला, तेव्हाच्या देवांना भेटला आणि त्याने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात या घराण्याची हकीकत लिहिली. तो मोरया गोसावींना १६४० च्या सुमाराला बसवतो. पुढचे काही अभ्यासकही त्यांना सतराव्या शतकात ठेवतात, काही सोळाव्यात, तर काही त्याच्याही मागे जातात. समाधिमंदिराचे काम शके १५८० च्या कार्तिकात, म्हणजे इ.स. १६५८ मध्ये सुरू झाल्याचे तिथला शिलालेख सांगतो.

दगडात कोरलेली तारीख सापडली की वाद मिटला असे वाटते. पण हा शिलालेख स्वतःच्या कामाची तारीख सांगतो, मोरयांच्या निधनाची नाही. समाधीनंतर वर्षभराने देऊळ बांधता येते आणि शंभर वर्षांनीही बांधता येते. आणखी एक धागा आहे. मोरयांचे चिरंजीव चिंतामणी यांना तुकाराम महाराजांनी 'देव' म्हटले आणि तेव्हापासून घराण्याला देव हे आडनाव पडले, अशी कथा आहे. तुकाराम महाराजांचे वैकुंठगमन १६५० च्या सुमाराचे. समाधी १५६१ ची मानली, तर ही भेट महाराजांच्या अगदी अखेरच्या वर्षांतली असेल तेव्हा चिंतामणींचे वय नव्वदीच्या घरात जाते. मूरचा काळ मानला, तर वयाची अडचण राहत नाही, पण मोरयांच्या आयुष्याशी जोडलेल्या जुन्या राजांच्या कथा गळून पडतात. एक तारीख सरळ केली की दुसरी वाकडी होते.

यातले खरे काय, याचा निकाल या लेखात लागणार नाही. मला विचारायचा आहे तो प्रश्न निराळा आहे. इतक्या प्रसिद्ध, इतक्या कागदपत्रांच्या घराण्याचा मूळ पुरुषच धुक्यात का राहावा? मी मोडी वाचतो, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातली अनेक कुटुंबे आपली जुनी दप्तरे घेऊन माझ्याकडे येत असतात. ती दप्तरे वाचताना मी ज्या उत्तरापर्यंत पोहोचलो ते साधे आहे. कागद जे सिद्ध करण्यासाठी लिहिला गेला, ते तो मोठ्या आवाजात सांगतो. बाकीचे त्याच्या लेखी नसतेच. वंशावळ माणसे किती जन्मली हे सांगण्यासाठी क्वचितच लिहिली गेली. ती हक्क कोणाकडून कोणाकडे आला हे सांगण्यासाठी लिहिली गेली.

इनाम आणि सात पिढ्या

चिंचवडच्या देवांकडे मोठी इनामे होती. लॉरेन्स प्रेस्टन यांचा 'द देव्हज ऑफ चिंचवड' हा ग्रंथ १९८९ मध्ये केंब्रिजहून निघाला. एक घराणे आणि राज्यसत्ता यांचे नाते कसे घडत गेले, हाच त्याचा विषय आहे. राज्ये बदलली तरी देवस्थानची गावे चालू ठेवायची, तर प्रत्येक नव्या सत्तेपुढे जुनी सनद, आणि ती ज्याच्या नावाची त्याच्याशी आपले नाते, या दोन गोष्टी ठेवाव्या लागत. मूळ पुरुष जितका जुना आणि जितका सिद्ध, तितका हक्क भक्कम. त्यामुळे सनदेच्या काळानंतरची साखळी चोख सापडते आणि त्याआधीचा भाग कथेत विरघळतो. सनदेआधीच्या काळाचा पुरावा कोणी मागतच नव्हते.

मोरयांना वर मिळाला होता की सात पिढ्या गणपती त्यांच्या वंशात वास करील, असे परंपरा सांगते. या साखळीतले शेवटचे धरणीधर १८१० मध्ये वारले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये पुढची हकीकत आहे: थेट वंश खुंटला, तेव्हा देवस्थानची उत्पन्ने बंद पडू नयेत म्हणून नात्यातल्या एका दूरच्या माणसाला गादीवर बसवण्यात आले. गॅझेटियर लिहिणाऱ्याचाही स्वतःचा एक दृष्टिकोन होता. इनामांकडे संशयाने पाहणाऱ्या सरकारचा तो ग्रंथ आहे. तेवढी सूट देऊनही वंशावळीचा स्वभाव इथे स्पष्ट दिसतो. रक्ताची रेघ संपली तरी हक्काची रेघ ओढावी लागते, आणि कागदावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. दत्तक, चुलतघर, दूरचा भाऊबंद या सगळ्यांना जोडणारी उभी काडी एकच.

ब्रिटिशांनी १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि दख्खनभर इनामदारांचे पुरावे तपासायला घेतले. कोणते इनाम कधीचे, कोणी दिले, आताचा उपभोक्ता मूळ इनामदाराचा कोण, हे प्रत्येकाला सिद्ध करावे लागले. आपल्या घरातल्या पेटीतली ती पिवळी, लांबलचक वंशावळ पुष्कळदा याच काळातली असते. ती पाहून घरच्यांना वाटते, आपले पूर्वज किती इतिहासप्रेमी! प्रत्यक्षात ती एका चौकशीला दिलेल्या जबाबाची नक्कल असते. चौकशीत ज्या शाखेचा हिस्सा नव्हता ती शाखा तिच्यात नाही, वेगळी होऊन दुसऱ्या गावी गेलेला भाऊ नाही, लहानपणी गेलेली मुले नाहीत, आणि मुली तर नाहीतच.

पुण्याच्या पेशवे दप्तराचेही थोडेफार असेच आहे. आज संशोधक तिथे इतिहास शोधतात. एकोणिसाव्या शतकात सरकारने त्या रुमालांचा वापर प्रामुख्याने जमिनीचे आणि इनामांचे दावे पडताळण्यासाठी केला. रियासतकार सरदेसायांनी संपादित केलेले त्यातले निवडक कागद १९३० च्या सुमारास पंचेचाळीस भागांत छापले गेले, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला त्यात डोकावता आले. दप्तर म्हणजे भूतकाळाचा आरसा असे आपण सहज म्हणतो. ते कोर्टकचेरीचे कपाट आहे, हे लक्षात ठेवले तर अपेक्षा जमिनीवर राहतात.

खोटेपणा नसतानाची चूक

प्रत्येक चुकीमागे लबाडी असते असे नाही. बहुतेक चुका नक्कल करणाऱ्या प्रामाणिक कारकुनाच्या असतात.

कालगणना पाहा. एकाच मराठी कागदावर शालिवाहन शक, शुहूर सन, फसली किंवा राज्याभिषेक शक यांपैकी काहीही असू शकते. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. 'खमस' म्हणजे पाच आणि 'खमसैन' म्हणजे पन्नास. 'खमसैन अलफ' हे १०५० झाले. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १६४९-५० येते. घाईने मारलेल्या मोडीच्या फराट्यात 'खमसैन'चे शेपूट गळाले आणि नक्कलकाराने 'खमस अलफ' लिहिले, की तोच कागद १६०४-०५ मध्ये जाऊन बसतो. पंचेचाळीस वर्षे, म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या, एका अक्षरात बुडतात.

दुसरी अडचण नावांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. देवांच्या वंशात चिंतामणी आणि नारायण ही नावे पुन्हा पुन्हा येतात. शेतकरी घरांत तर तीनच नावे दीडशे वर्षे आळीपाळीने फिरताना मी पाहिली आहेत. एका कागदावर 'राणू वलद तुकाजी' आणि चाळीस वर्षांनंतरच्या कागदावरही 'राणू वलद तुकाजी' असे दिसले, की वाचणारा दोघांना एक समजतो आणि मधल्या दोन पिढ्या पुसल्या जातात. उलटही घडते: एकाच माणसाचे पाळण्यातले आणि व्यवहारातले नाव वेगळे असले, की त्याचे दोन भाऊ होतात.

हे फार जुने झाले असे वाटत असेल तर आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे पाहा. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या इतकी अफाट का, याचे उत्तर कोणत्याही नक्षत्रात नाही. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, गुरुजींना रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, आणि मूल पहिलीच्या वयात बसले पाहिजे होते. पुढे हाच दाखला नोकरी, निवृत्ती आणि पेन्शनचा आधार झाला. कागद शासकीय, शिक्का खरा, गुरुजी सज्जन, आणि तारीख कल्पित. तीनशे वर्षांनंतरचा संशोधक जूनमधल्या या जन्मांवर प्रबंध लिहील, तर त्याला दोष कसा द्यायचा?

चाकणचा बखरकार

जमिनीच्या कागदाचे जे, तेच तवारिखांचे. चाकणचा भुईकोट म्हटला की आपल्याला १६६० मधला शायिस्ताखानाचा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा आठवतात. त्याच्या दोनशे वर्षे आधी, बहमनी काळात, याच चाकणला एक भीषण हत्याकांड झाले. मलिक-उत्-तुज्जार हा बहमनी सरदार कोकणच्या मोहिमेत मारला गेला. त्याच्या फौजेतले उरलेले परदेशी, म्हणजे इराण-अरबस्तानकडून आलेले लोक, चाकणला परतले. त्यांच्याविरुद्ध दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, परदेशियांची पत्रे सुलतानापर्यंत पोहोचू दिली नाहीत, आणि अभय देऊन त्यांना दगा दिला.

ही हकीकत आपल्याला प्रामुख्याने फिरिश्ताकडून कळते. फिरिश्ता विजापूर दरबारात बसून सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता, म्हणजे घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. तो स्वतः इराणातल्या अस्तराबादचा, म्हणजे परदेशी गटातला. दख्खनी आणि परदेशी यांचे वैर त्याच्या काळापर्यंत संपलेले नव्हते. त्याने दिलेले हजारोंचे आकडे आणि दख्खनींचा कपटीपणा या दोन्ही गोष्टी त्याच्या गटाला सोयीच्या होत्या. दख्खनी बाजूने कोणी अशी तपशीलवार तवारीख लिहिली असती, तर तिच्यात बंडखोर कोण ठरले असते?

म्हणून हत्याकांड झालेच नाही असे म्हणायचे का? मुळीच नाही. फिरिश्ता जाता जाता जे सांगतो, म्हणजे त्या काळी चाकण हे मोहिमांचे ठाणे होते, किल्ल्याला लष्करी महत्त्व होते, दरबारात दोन तट होते, ते विश्वासाने घेता येते. त्यात त्याला काही सिद्ध करायचे नव्हते. साक्षीदाराचा हेतू जिथे नसतो, तिथे त्याचे बोलणे सर्वांत जास्त ऐकावे.

सातबाऱ्यावर कोण नाही

आता आजच्या चिंचवड-चाकणकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, आणि पुढे चाकणच्या माळांवर मोटारींचे कारखाने उभे राहिले. ज्वारी-बाजरीच्या रानाला मोबदल्याचा भाव आला. ज्या घरात पणजोबांच्या भावांची नावे कोणाला आठवत नव्हती, त्या घरात वंशावळ काढायची घाई झाली. हिस्स्याचा वाद असला की मोबदला अडकतो, आणि वंशावळीतली एक काडी लाखो रुपयांची होते.

अशा वेळी पुढे येतो तो सातबारा आणि त्यामागचे फेरफार. त्यात 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे दिसतात: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. घरातल्या थोरल्याचे नाव कुटुंबाच्या वतीने लागले. धाकट्यांची नावे त्या तीन अक्षरांत सामावली. थोरला वारला, वारस नोंदीत त्याचीच मुले लागली, एखाद्या नकलेत ती तीन अक्षरेही गळाली, आणि धाकट्या भावांची नातवंडे कागदावरून नाहीशी झाली. एका घरातल्या चुलतभावांनी याच कारणासाठी एकमेकांशी बोलणे सोडलेले मी पाहिले आहे. दोघांच्याही हातात वंशावळ होती. दोन्ही प्रतिज्ञापत्रावर होत्या. दोन्ही मोबदल्याची नोटीस आल्यानंतर तयार झाल्या होत्या.

मुलींची गोष्ट आणखी बोलकी आहे. जुने फेरफार वाचत जा. पिढ्यान्‌पिढ्या फक्त मुलगे जन्मलेले दिसतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर बहिणींची नावे कुठे कुठे दिसू लागतात, पण अनेकदा 'इतर हक्क' या रकान्यात. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, आणि नंतरच्या वंशावळींत एकाएकी मुली जन्मू लागल्या. सोबत आली हक्कसोडपत्रे. माहेर तुटू नये म्हणून बहिणीने केलेली ती सही पुढच्या वंशावळीतून तिला पुन्हा बाहेर काढते. जन्माचे प्रमाण तेच होते. बदलला तो कायदा. ज्या वंशावळीत तीन पिढ्या एकही मुलगी नाही, ती घराण्याबद्दल कमी आणि वारसाहक्काच्या रिवाजाबद्दल जास्त सांगते.

मग त्या बायका कुठे सापडतात? जिथे त्यांच्या नावावाचून काम अडत होते, तिथे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबाही येतात. त्यामुळे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, यजमानाने सांगितली असतील तर, ही नावे मिळतात. सातबाऱ्याला जी पणजी माहीत नाही ती पिंडाला माहीत असते. गावचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद ठेवत असे. त्यात मुलींचे जन्म असतात, कारण तिथे जमिनीचा प्रश्न नव्हता. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात हेच बुक घरोघरी पोहोचले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे एवढी मागणी आली. जुनी नोंद सापडणे हे अर्धे काम. त्या नोंदीतला माणूस आपला पणजाच, हे जोडणे उरलेले अर्धे. ती जोड देणारी वंशावळ आज लिहिली जात आहे, आजच्या गरजेसाठी. शंभर वर्षांनी ती वाचणाऱ्याला ही गरज ठाऊक असायला हवी.

वाद सुरू होण्यापूर्वी

या सगळ्यावर उपाय म्हणून मला सर्वांत शहाणा वाटतो तो कायद्यातला एक जुना नियम. १८७२ च्या पुरावा कायद्याने मृत माणसाचे नात्याविषयीचे विधान, घरातली वंशावळ, समाधीवरचा लेख हे पुरावे म्हणून मान्य केले, पण एका अटीवर: ते विधान वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असले पाहिजे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. तीस वर्षांच्या जुन्या कागदाची सही खरी मानण्याची सवलत कायदा देतो. त्यातला मजकूर खरा असल्याची हमी मात्र देत नाही. सातबाऱ्याची नोंदही उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानायची असते. कायद्याने कागदावर आंधळा विश्वास कधी ठेवला नाही. तो आपण ठेवतो.

इतिहासात हीच कसोटी चालते. शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीख बखरींच्या आधारे शके १५४९ ची मानली जात होती. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद होती. 'शिवभारता'तल्या उल्लेखाने आणि जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. तीन कागद, तीन ठिकाणचे, एकमेकांवरून न उतरवलेले. एकाच मूळ प्रतीच्या शंभर नकला एक साक्ष देतात. वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले तीन चिटोरे तीन साक्षी देतात.

दिवाळीला घर भरते तेव्हा पुष्कळ ठिकाणी जुनी वंशावळ किंवा कुलवृत्तांत बाहेर निघतो. तो काढावा. फक्त तो कोणत्या साली, कोणी, कशासाठी तयार केला, हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळाले ते नोंदवावे: आत्याने सांगितले, फेरफारात आहे, तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहे. दोन कागद भांडत असतील तर दोन्ही तारखा ठेवाव्यात. जोड सापडत नसेल तिथे काडी ओढू नये. मोकळी जागा हीसुद्धा माहिती असते. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे की तिच्या सासूचे माहेरचे नाव काय होते. त्या नावावर अजून कोणाचा दावा नाही. म्हणूनच ते आज लिहून घेतले, तर खरे उतरण्याची शक्यता सर्वांत जास्त.